तिसऱ्या उपशानंतर

बोअरमध्ये नळी सोडली की आधी येतं ते शिळं पाणी,
पाइपात महिनोन् महिने उभं राहिलेलं,
कुणाशी न बोललेलं.
ते मोजून ओतून द्यायचं. तीनदा उपसायचं,
मीटरवरचा आकडा थरथरायचा थांबेपर्यंत.
मग बाटली धरायची.
नियमच आहे तसा.

नॉरफकमधलं सपाट गाव. टेकाड एकच,
तेही माणसांनी रचलेलं.
खडीची खाण होती; एकोणीसशे एकाहत्तरपासून
कचऱ्याने भरत गेली, भरून वर आली,
मग माती, मातीवर गवत,
गवतावर आता दोन तांबडी घोडी.
खाली काहीच अंथरलं नव्हतं.
तान्ह्या बाळाला निजवतानासुद्धा
आपण मेणकापड घालतो.

मॉरीन लार्टर, वय ब्याऐंशी, बोअर घरचा.
ती मला आधी गुलाबांवरच्या किडीबद्दल सांगते,
मग गुडघ्याबद्दल,
मग बुधवारची बस बंद केली त्याबद्दल.
मी बाटल्यांवर तारीख घालत हं हं करते.
पंप धडधडतो. बादली भरते, ओतते.
पुन्हा भरते.

आणि मग, मी काहीच विचारलं नसताना,
"क्लाइवच चालवायचा ना तो ट्रक."

कौन्सिलकडे नोंदी नाहीत.
तळघरात नळ फुटला, कागद भिजले,
असं पत्र माझ्या फायलीत आहे.
मॉरीनला मात्र पाठ आहे सगळं.
पूर्वेच्या कोपऱ्यात रंगाच्या कारखान्याची पिंपं,
अठ्ठ्याहत्तरच्या नाताळाआधी, बर्फ भुरभुरत असताना.
मधोमध फ्रिज, गाद्या, दवाखान्याच्या पिशव्या.
कुंपणाशी मेंढ्या बुडवायच्या औषधाचे डबे,
"नवऱ्याच्या हाताला तो वास रविवारपर्यंत असायचा."
आणि कुठेतरी त्यांच्या लेकीची बाबागाडी,
एक चाक नसलेली.
"पैसे बरे मिळायचे," ती म्हणते.
"त्यातूनच हा बोअर खणला."

आमच्याकडे लबाडीचा वास आला की म्हणतात,
कुठेतरी पाणी मुरतंय.
इथे लबाडी नव्हती.
नुसतं मुरत होतं.
पावसाचं पाणी गादीतून, पिंपातून, डब्यातून,
खडीतून खाली, खडूच्या दगडात,
दिवसाला जेमतेम एक वीत.
गोगलगाय निदान दिसते तरी.

आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार,
हे लहानपणी घोकलं होतं.
आडात गेलं त्याचं पुढे काय होतं
ते कुणी सांगितलं नाही.
येतं. पण चाळीस वर्षांनी येतं,
आणि ज्याने टाकलं
त्याला तेव्हा तहान लागत नाही.

रस्त्यापलीकडच्या बोअरमध्ये गेल्या खेपेला
अमोनिया वाढला होता, क्लोराइड वाढलं होतं,
मँगनीजने तिथल्या बेसिनवर काळी रेघ ओढली होती.
इथला निकाल तीन आठवड्यांनी.
तोवर मी काही बोलायचं नाही,
हाही नियमच.

ती चहा आणते.
माझ्यासाठी तिने चांगला कप काढलाय, निळ्या काठाचा.
"गावात कुणाकडेच असा होत नाही. पाण्याचा गुण."
मी हातमोजे काढते. एक निघतो, एक अडकतो.
कप हातात गरम आहे.
मी म्हणते, निकाल येईपर्यंत दुकानातलं पाणी घ्या ना,
माझ्या गाडीत दोन कॅन आहेत, देऊन जाते.
तेवढंच म्हणते.
ती माझ्याकडे बघते, मग कपाकडे,
मग खिडकीतून घोड्यांकडे.

वीजबिलाच्या पाकिटामागे तिने नकाशा काढलाय,
हात जराही न कापता:
इथे पिंपं, इथे डबे, इथे फाटक.
माझ्या हातात देताना पाकीट सोडत नाही लगेच.
"त्याचं नाव लिहावं लागेल का?"

मी फॉर्म उलटून पाहते, दोन्ही बाजू.
तसा रकाना नाही, मी सांगते.

ती मान हलवते
आणि माझा कप उचलून
सिंकमध्ये ओतते.